फॉलोऑन: 170 धावांवर दिलेला आणि 319 धावांवर न दिलेला

आपले वडील सांगतात की 1971 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात अजित वाडेकरांनी फक्त 170 धावांची आघाडी असताना सोबर्सच्या संघाला फॉलोऑन दिला, म्हणजे त्यांचा पहिला डाव संपताच त्यांनाच लगेच पुन्हा फलंदाजीला उतरवले. नियम तर 200 धावांचा आहे, तेव्हा त्यांची आठवण चुकते आहे का, असे आपण विचारले आहे. त्याला जोडून दुसरा प्रश्न असा की 300 धावांची आघाडी हाताशी असतानाही आजचे कर्णधार स्वतःच पुन्हा फलंदाजीला का उतरतात, आणि 2001 च्या कोलकात्याची, म्हणजे फॉलोऑन देऊन ऑस्ट्रेलिया भारताकडून हरले त्या कसोटीची, भीती अजून गेलेली नाही की काय.

या प्रश्नाला दोन भाग आहेत आणि ते वेगळे ठेवलेले बरे. फॉलोऑन देण्याचा हक्क कधी मिळतो, हा नियमाचा भाग झाला. त्याचे उत्तर ठाम आहे आणि त्यात कोणाच्या मताला जागा नाही. मिळालेला हक्क वापरावा की नाही, हा डावपेचाचा भाग. त्याचे उत्तर खेळपट्टी, उरलेला वेळ, गोलंदाजांची दमछाक आणि मालिकेची स्थिती पाहूनच देता येते. मी सत्तावीस वर्षे मुंबईच्या मैदानांवर गुणलेखन केले आहे. त्यात बहुतेक सामने दोन, तीन किंवा चार दिवसांचे होते आणि फॉलोऑनचा हिशेब पुढ्यात आला नाही असा हंगाम आठवत नाही. तरीही दुसऱ्या भागावर मी जे लिहीन ते माझे मत आहे, हे लक्षात ठेवावे.

पहिल्या भागाचे उत्तर असे की वडिलांची आठवण अचूक आहे.

कसोटीत फॉलोऑनची मर्यादा 200 धावा असते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण नियमात कसोटीचे नाव नाही, सामना किती दिवसांचा आहे ते आहे. पाच किंवा अधिक दिवसांच्या सामन्यात 200, तीन किंवा चार दिवसांच्या सामन्यात 150, दोन दिवसांच्या सामन्यात 100 आणि दोन डावांच्या एकदिवसीय सामन्यात 75 धावांची आघाडी लागते. त्याला जोडून एक पोटकलम आहे. पहिल्या दिवशी अजिबात खेळ झाला नाही, तर सामना प्रत्यक्ष सुरू होतो त्या दिवसापासून उरलेले दिवस मोजायचे आणि त्यानुसार मर्यादा ठरवायची. ज्या दिवशी खेळ सुरू होतो तो दिवस पूर्ण धरायचा, मग पहिला चेंडू चहापानानंतर का पडेना.

फेब्रुवारी 1971 मध्ये किंग्स्टनच्या सबायना पार्कवर नेमके हेच झाले. पहिला दिवस पावसाने पूर्ण धुऊन काढला. वाडेकरांची कर्णधार म्हणून ती पहिलीच कसोटी होती. भारताची अवस्था 5 बाद 75 अशी झाली असताना मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी आधी एकनाथ सोलकरांना आणि पुढे प्रसन्नांना हाताशी धरून 212 धावा काढल्या. भारताचा डाव 387 वर संपला, वेस्ट इंडीजचा 217 वर. आघाडी 170 ची होती आणि पहिला दिवस गेल्यामुळे सामना चार दिवसांचा धरला जात होता, म्हणजे मर्यादा 150 वर आलेली होती. वाडेकर स्वतः वेस्ट इंडीजच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि तुम्हालाच पुन्हा फलंदाजी करायची आहे, असे त्यांनी सोबर्सना सांगितले. त्या खोलीत अनेकांच्या डोक्यात 200 चाच आकडा होता, त्यामुळे हे ऐकून तिथे आश्चर्य पसरले. भारताने वेस्ट इंडीजला फॉलोऑन देण्याची ती पहिलीच वेळ होती.

ही गोष्ट आपल्याकडे वाडेकरांच्या हुशारीची म्हणून सांगतात आणि ती हुशारी होतीच. मला मात्र तिच्यातले दुसरे काही जास्त मोलाचे वाटते. पोटकलम माहीत असणे वेगळे आणि डाव संपल्यावर, मैदानात धावपळ चाललेली असताना, ते आठवणे वेगळे. मी गुणलेखन करीत असलेल्या एका तीन दिवसांच्या सामन्यात पहिला दिवस ओल्या मैदानामुळे फुकट गेला होता, म्हणजे दोन दिवस उरले आणि मर्यादा 100 झाली. आघाडी 118 ची मिळाली. शेवटचा गडी बाद होताच आघाडी घेतलेल्या संघाचे सलामीवीर पॅड बांधायला धावले, कारण त्यांच्या कर्णधाराच्या मनात 150 चा आकडा पक्का बसलेला होता. गुणलेखकाने न विचारता सल्ला द्यायचा नसतो. मी आणि माझे सहकारी एकमेकांकडे पाहत राहिलो, पेन्सिलीने नव्या डावाचे पान आखले आणि गप्प बसलो. सामना अनिर्णित राहिला, तेव्हा हरण्याच्या बेतात आलेल्या संघाचे आठ गडी बाद झालेले होते. आणखी तासभर मिळता तर निकाल लागला असता.

पहिला दिवस गेला म्हणजे काय, याबाबतही पुष्कळ गैरसमज आहे. पहिल्या दिवशी एक षटक जरी सुरू झाले तरी त्या दिवशी खेळ झाला असेच धरतात आणि मग पाच दिवसांचीच मर्यादा लागू राहते. पुढच्या दिवसांतल्या पावसाने तिच्यात काहीही बदल होत नाही. डिसेंबर 2024 च्या ब्रिस्बेन कसोटीत पहिल्या दिवशी जेमतेम 13.2 षटके टाकली गेली आणि नंतरही पावसाने वारंवार खेळ थांबवला. वाया गेलेला वेळ पाहिला तर तो सामना किंग्स्टनपेक्षा फार वेगळा नव्हता, पण मर्यादा 200 चीच राहिली, कारण पहिल्या दिवशी चेंडू पडलेला होता. ज्या कसोटी ठरवूनच चार दिवसांच्या खेळवतात, त्यांत अर्थातच 150 चा आकडा लागतो. 2017 च्या डिसेंबरमधील पोर्ट एलिझाबेथची दक्षिण आफ्रिका विरुद्ध झिम्बाब्वे ही कसोटी तशी होती.

आता हिशेबाची एक गोष्ट, कारण टीव्हीसमोर बसलेले लोक तिथे हमखास एका धावेने चुकतात. 200 धावांची आघाडी असली की फॉलोऑन देता येतो, म्हणजे तो टाळायचा तर पिछाडी 199 वर आणावी लागते. समोरच्या संघाच्या धावसंख्येतून 199 वजा करा, आलेला आकडा गाठला की फॉलोऑन टळला. आम्ही गुणलेखक पहिला डाव संपताच हा आकडा काढून दुसऱ्या डावाच्या पानावर वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने गोल करून ठेवतो आणि दोघांचाही आकडा जुळतो ना, याचा ताळा करतो. ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाच्या 445 धावा होत्या, म्हणून भारताला 246 हव्या होत्या; 245 पुरल्या नसत्या. 9 बाद 213 वर बुमराह आणि आकाशदीप एकत्र आले आणि आकाशदीपने कमिन्सला मारलेल्या चौकाराने नेमक्या 246 झाल्या, तेव्हा भारतीय ड्रेसिंग रूममध्ये जल्लोष झाला.

याहून नेमके उदाहरण 1990 च्या लॉर्ड्सचे आहे. इंग्लंडने गूचच्या 333 धावांच्या जोरावर 4 बाद 653 वर डाव घोषित केला होता. भारत 9 बाद 430 वर होता आणि 454 गाठायला 24 धावा हव्या होत्या. कपिलदेवने एडी हेमिंग्जला ओळीने चार षटकार मारले आणि धावफलक बरोबर 454 वर आला. पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर फ्रेझरने हिरवाणीला पायचीत केले. तो चौथा फटका सीमेच्या आत पडून चौकार ठरला असता तर फॉलोऑन टळला नसता, इतका तो हिशेब काटेकोर होता.

हक्काबद्दल आणखी दोन गोष्टी सांगून हा भाग संपवतो. आधी फलंदाजी केलेल्या संघालाच फॉलोऑन देता येतो. दुसरी फलंदाजी करणाऱ्याने 400 ची आघाडी घेतली तरी तो प्रश्न उद्भवत नाही. आणि आपला निर्णय कर्णधाराने प्रतिस्पर्धी कर्णधाराला व पंचांना एकदा कळवला की तो बदलता येत नाही. दोन डावांच्या मध्ये फक्त दहा मिनिटे असतात, म्हणून हा विचार शेवटची जोडी खेळत असतानाच करून ठेवावा लागतो.

आता दुसरा भाग. तिथे जाण्याआधी थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण फॉलोऑन हा कर्णधाराचा पर्याय मुळात नव्हताच. एकोणिसाव्या शतकात तो सक्तीचा होता: ठरलेल्या आकड्याइतकी पिछाडी राहिली की त्या संघाने पुन्हा खेळायचे, समोरच्या कर्णधाराची इच्छा असो वा नसो. त्यातून विचित्र प्रसंग घडत. 1896 साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचा सामना लॉर्ड्सवर चालू असताना मर्यादा 120 ची होती आणि केंब्रिजला पुन्हा गोलंदाजी करायची नव्हती. म्हणून त्यांच्या गोलंदाजाने मुद्दाम चेंडू सीमारेषेपर्यंत जाऊ देऊन 12 धावा बहाल केल्या आणि ऑक्सफर्डला फॉलोऑनच्या बाहेर काढले. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुढे ऑक्सफर्डने चौथ्या डावात 330 धावा करून सामनाच जिंकला. 1900 साली नियम बदलला, मर्यादा 150 झाली आणि निर्णय कर्णधाराच्या हाती आला. पाच दिवसांच्या सामन्यांसाठी 200 चा आकडा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला.

हा इतिहास मी सांगितला, कारण फॉलोऑन देऊन हरलेल्या कसोटी म्हणून ज्या चार नेहमी मोजल्या जातात, त्यांतली पहिली सक्तीच्या काळातली आहे. डिसेंबर 1894 मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियाने 586 धावा केल्या आणि इंग्लंड 261 धावांनी मागे राहिले. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ब्लॅकहॅम याला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. इंग्लंडने दुसऱ्या डावात 437 केल्या, सामन्याच्या शेवटच्या रात्री पाऊस पडला, सकाळी उन्हाने खेळपट्टी चिकट झाली आणि ऑस्ट्रेलिया 10 धावांनी हरले. फॉलोऑन देण्याच्या निर्णयाची चूक म्हणून हा सामना मोजणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणजे उरल्या तीन. 1981 चे हेडिंग्ली, 2001 चे कोलकाता आणि 2023 चे वेलिंग्टन. अडीच हजारांहून अधिक कसोटींत तीन. फॉलोऑन दिलेल्या बहुतेक कसोटी तो देणाऱ्याच संघाने जिंकल्या आहेत. त्यांची आठवण कोणी काढत नाही, कारण त्या अपेक्षेप्रमाणे संपल्या.

कोलकात्याचेच पाहू. भारताचा पहिला डाव 171 वर, 58.1 षटकांत आटोपला. तिसऱ्या दिवसाची सकाळ होती, आघाडी 274 ची होती आणि स्टीव्ह वॉचा संघ ओळीने 16 कसोटी जिंकून आलेला होता. गोलंदाजांनी साठ षटकेही टाकलेली नव्हती. त्या घडीला माझ्या वहीतले आकडे कोणत्याही कर्णधारासमोर ठेवले असते, तर त्याने फॉलोऑनच दिला असता आणि ते बरोबर ठरले असते. पुढे जे झाले ते त्या आकड्यांत कुठेच दिसत नव्हते. पहिल्या डावात 59 धावा करून शेवटी बाद झालेला लक्ष्मण तिसऱ्या क्रमांकावर आला. चौथा दिवस उजाडला तेव्हा भारत 4 बाद 254 होता आणि मावळला तेव्हा 4 बाद 589. दिवसभरात एकही गडी बाद झाला नाही. लक्ष्मण 281, द्रविड 180, दोघांची भागी 376 ची. भारताने 178 षटके खेळून 7 बाद 657 वर डाव घोषित केला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या गोलंदाजांनी सलग 236 षटके टाकली, तीही मार्चमधल्या कोलकात्याच्या उन्हात. नंतर ऑस्ट्रेलिया 384 धावांचा पाठलाग करीत असताना हरभजनने 6 गडी घेतले आणि त्यांचा डाव 212 वर संपला.

कर्णधारांनी या सामन्यातून काय घेतले, याविषयी माझे मत असे आहे. हार होईल ही भीती त्यांनी घेतली नाही, षटकांचा हिशेब घेतला. फॉलोऑन देताना कर्णधार पुढच्या डावात किती षटके लागतील याचा अंदाज करीत असतो आणि तो अंदाज चुकला तर त्याची भरपाई गोलंदाजांच्या पायांनी करावी लागते. नुकसान एका सामन्यापुरते राहत नाही, कारण पुढची कसोटी अनेकदा चार दिवसांवर असते. 2023 च्या वेलिंग्टन कसोटीत इंग्लंडला 226 ची आघाडी होती आणि स्टोक्सने फॉलोऑन दिला. न्यूझीलंडने विल्यमसनच्या 132 धावांसह 483 केल्या, त्यासाठी 160 हून अधिक षटके घेतली आणि सामना एका धावेने जिंकला. अगदी अलीकडे, 2025 मध्ये दिल्लीला भारताने 270 च्या आघाडीवर वेस्ट इंडीजला फॉलोऑन दिला, त्यांनी 390 केल्या आणि 121 धावांचे लक्ष्य गाठायला पाचवी सकाळ उजाडली. तो सामना भारताने सहज जिंकला, पण गोलंदाजांना दोन डावांत जेवढे राबावे लागले ते पाहिले की दुसरी बाजूही पटते.

उलट बाजूचा हिशेब असा असतो. समजा तिसऱ्या दिवशी उपाहाराला 250 ची आघाडी आहे. दिवसाला 90 षटके धरली तर साधारण 240 षटके उरली. कर्णधाराने स्वतः 45 षटके फलंदाजी करून आणखी 180 धावा जोडल्या आणि डाव बदलण्यात दोन षटके गेली, तरी प्रतिस्पर्ध्याला बाद करायला 190 षटके उरतात. गोलंदाजांना अर्धा दिवस विश्रांती मिळते, खेळपट्टी आणखी उखडते आणि तिच्यावर शेवटी खेळण्याची पाळी समोरच्यावर येते. आज धावा पूर्वीपेक्षा जलद होतात, त्यामुळे सामन्यात वेळ शिल्लक राहतो आणि हा मार्ग परवडतो. वेळ कमी असेल किंवा पावसाचा अंदाज असेल, तर तोच मार्ग अंगाशी येतो.

मालिकेची स्थिती किती फरक पाडते हे दोन भारतीय निर्णय शेजारी ठेवले की दिसते. 2007 मध्ये ओव्हलवर भारताने 664 केल्या, इंग्लंड 345 वर संपले. 319 ची आघाडी असूनही द्रविडने फॉलोऑन दिला नाही. मालिकेतली ती शेवटची कसोटी होती, भारत 1-0 ने पुढे होता आणि अनिर्णित राहिली तरी मालिका खिशात होती. भारताने 6 बाद 180 वर डाव घोषित केला, त्यात द्रविडने 96 चेंडूंत 12 धावा केल्या, आणि 500 च्या लक्ष्यापुढे इंग्लंडने 6 बाद 369 करून सामना वाचवला. टीका खूप झाली. कोलकात्यात 180 धावा करणारा फलंदाज हाच होता, हे त्या टीकेत कोणी ध्यानात घेतल्याचे मला आठवत नाही; फॉलोऑननंतर क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचे हाल त्याने बावीस यार्डांवरून पाहिले होते. मला स्वतःला तो निर्णय जास्तच सावध वाटला. पण मालिका जिंकणे हे उद्दिष्ट होते आणि ते साधले, हे मान्य करावे लागते.

बारा वर्षांनी गहुंजे येथे, पुण्याच्या मैदानावर, कोहलीच्या नाबाद 254 सह भारताने 5 बाद 601 केल्या आणि दक्षिण आफ्रिका 275 वर संपली. आघाडी 326, म्हणजे जवळजवळ ओव्हलइतकीच. इथेही भारत मालिकेत 1-0 ने पुढे होता. पण आणखी एक कसोटी बाकी होती, जिंकले तर मालिका तिथेच संपत होती आणि अश्विन व जडेजा हाताशी असताना खेळपट्टीही मदत करीत होती. डाव तिसऱ्या दिवसाअखेर संपल्याने गोलंदाजांना रात्रभर विश्रांती मिळाली आणि चौथ्या सकाळी फॉलोऑन दिला गेला. दक्षिण आफ्रिका 189 वर बाद झाली. भारत एक डाव आणि 137 धावांनी जिंकला.

आपल्याला पुढच्या कसोटीत हे स्वतः पाहायचे असेल तर एक सोपा उपाय सुचवतो. पहिला डाव संपला की फॉलोऑनचा आकडा कागदावर गोल करून ठेवा. त्याच्या शेजारी प्रत्येक मुख्य गोलंदाजाने दुसऱ्या डावात टाकलेली षटके लिहीत जा आणि खाली सामन्यात उरलेली षटके लिहा. वेगवान गोलंदाजांची षटके पंचवीसच्या पुढे गेलेली असतील आणि दोन दिवसांहून जास्त वेळ उरला असेल, तर कर्णधार बहुधा स्वतः खेळायला उतरेल. समोरचा संघ पन्नास-साठ षटकांत गारद झाला असेल, किंवा ढग दाटून आलेले असतील, तर तो फॉलोऑन देईल.

आणि वडिलांना किंग्स्टनचा पुढचा भाग जरूर विचारा. फॉलोऑन मिळाल्यावर वेस्ट इंडीजने 5 बाद 385 केल्या, कन्हाय नाबाद 158 आणि सोबर्स 93, आणि सामना अनिर्णित राहिला. म्हणजे त्या 170 धावांनी सामना जिंकून दिला नाही. त्यानंतरची कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला झाली. बोटाच्या दुखापतीमुळे किंग्स्टनला न खेळलेला सुनील गावसकर तिथे पहिल्यांदा मैदानात उतरला, भारत 7 गडी राखून जिंकला आणि त्याच एका विजयावर मालिका 1-0 अशी आपली झाली.